लंबगोलातली दोन अक्षरं

घोडनदीच्या रस्त्यावरून एके काळी थेट विलायतेच्या गाड्या जायच्या, असं सांगितलं की माझी नातवंडं एकमेकांकडं बघून हसतात. त्यांना वाटतं, आजीचं वय झालं. घोडनदी म्हणजे आमचं शिरूर. एसटीच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. पण त्या गाड्या मी या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पुण्याकडून यायच्या आणि वेरूळ-अजिंठ्याकडं निघून जायच्या. मोठ्या डब्यासारख्या, धुळीनं माखलेल्या, टपावर गाद्या आणि पत्र्याचे डबे बांधलेल्या. खिडकीतून लांब केसांची माणसं दिसायची, त्यात बाप्ये कोण आणि बाया कोण हे आमच्या गल्लीत कुणालाच सांगता यायचं नाही. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असं मजल दरमजल करत ती इथवर आलेली असायची. आणि प्रत्येक गाडीच्या पाठीवर, नंबराच्या शेजारी, एक पांढरी लंबगोल पाटी असायची, तिच्यावर काळी अक्षरं. इंग्लंडची असेल तर जी आणि बी, फ्रान्सची असेल तर नुसतं एफ, जर्मनीची असेल तर डी. गाडी आपला देश सोडून बाहेर निघाली की कुठल्या देशाची ते असं पाठीवर लिहावं लागतं, असा जगभरचा कायदा आहे. हल्ली पुण्याची पोरं मोटारसायकलवरून लंडनला जातात, त्यांच्याही गाडीवर आय-एन-डी असं असतं. मध्ये रांजणगावच्या एका हॉटेलापाशी अशी गाडी उभी दिसली तेव्हा मी रिक्षातून उतरून हात लावून पाहिलं. छापील चिकटपट्टी होती. तो पोरगा म्हणाला, "आजी, काय बघताय?" मी म्हटलं, "अक्षर बघते." त्याला काय कळणार म्हणा.

आप्पा, म्हणजे माझे वडील, पेंटर होते. आमचं घर रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत आप्पांचं दुकान, मागं आम्ही. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, लग्नघराच्या दारावरचे हत्ती आणि भालदार-चोपदार, असं सगळं आप्पा करायचे, पण खरी रोजची भाकरी गाड्यांच्या नंबरपाट्यांवर होती. घरात सकाळपासून दोन वास एकत्र नांदायचे, तव्यावरच्या बाजरीच्या भाकरीचा आणि टर्पेंटाइनचा. पत्र्यावर पॉलिश पेपर घासल्याचा खरखराट अजून आठवला तरी माझे दात आंबतात. आई राहूची, बागायती गावातली. तिच्या माहेरी दूधदुभतं, ऊस, गूळ. आणि इथं आल्यावर पिठल्याच्या पातेल्यावर सुद्धा झाकण ठेवावं लागायचं, कुठून रंगाचा शिंतोडा उडेल सांगता यायचं नाही. "कालवनात मीठ कमी पडलं तर चालंल," ती म्हणायची, "पन हिरवं कालवन हिरव्या रंगानं व्हायला नको." शेंगदाण्याची चटणी मात्र तिच्यासारखी मी पुढं कुठंच खाल्ली नाही. पाट्यावर वाटायची, तेल सुटेपर्यंत.

आप्पांचा एक नियम होता. गाडी दारात उभी असल्याशिवाय नंबर रंगवायचा नाही. कुणी कितीही ओळखीचा असो, हातात कोरा पत्रा घेऊन आला आणि नंबर सांगायला लागला की आप्पा ब्रश खाली ठेवायचे. चोरीच्या गाडीला नवं नाव द्यायचं पाप आपल्या हातून नको, असं ते म्हणायचे. कुणाकुणाचे त्यावरून रुसवे झाले, पण नियम मोडला नाही.

आणि आमच्या घरात एक गोष्ट झाकून ठेवलेली होती. आप्पांचा हात देवनागरीत राजा होता. पण इंग्रजी अक्षरं त्यांना परकी. चार इयत्ता शिकलेले, त्यांचा एस हमखास उताणा पडायचा. माझी मॅट्रिक होईपर्यंत इंग्रजी अक्षरं आणि आकडे सगळे माझ्याकडं आले होते. आप्पा पत्रा घासून, रंगाचा हात देऊन मागच्या पडवीत ठेवायचे, मी तिथं पाटावर बसून अक्षरं काढायची आणि वाळल्यावर आप्पा ती पुढं घेऊन जायचे. बघणाऱ्याला वाटायचं आप्पांचंच काम. आईची ही व्यवस्था होती. रस्त्यावरच्या दुकानात बसून पोरगी ट्रकच्या पाट्या रंगवते हे कळलं तर हिला करणार कोण, ही तिची काळजी. संध्याकाळी ती माझी बोटं रॉकेलनं पुसायची, मग बेसन लावून धुवायची आणि वर खोबरेल चोळायची. म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मला त्या मुठीचा राग यायचा, पण बोलून दाखवायची रीत नव्हती.

लंबगोल पाटी आमच्याकडं आली ती अपघातानं. इंग्लंडच्या एका गाडीला मागून उसाच्या बैलगाडीनं घासलं आणि तिची पाटी चेपून रंग उडाला. गाडीतल्या बाई आणि बाप्या दोघंही घाबरेघुबरे झाले होते. ती पाटी नसेल तर पुढच्या सरहद्दीवर अडवतील, एवढं मला त्यांच्या बोलण्यातून समजलं. आप्पांनी नवा पत्रा कापला, दोन खिळे ठोकले, त्यांना सुतळीचा फास टाकला आणि खडूनं असा सुबक लंबगोल ओढला की तो बाप्या वाकून बघत राहिला. आपल्याकडं तेव्हा काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं असत, इथं सगळं उलटं, म्हणून मला पांढऱ्यावर काळं काढताना हात जपावा लागला. रंग वाळेस्तोवर ती दोघं आमच्या ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खात होती. मिरचीनं बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ती अजून मागत होती. आई पुढं कित्येक दिवस तिची नक्कल करून दाखवायची. त्या कामानं आप्पांचं नाव झालं. नगररस्त्याला अशी पाटी फक्त आमच्याकडंच होते, हे ड्रायव्हर लोकांनी लांबवर पोचवलं.

मग एक दिवस वरवंडहून एक ड्रायव्हर आला. न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं आलेला, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला लंबगोल पत्रा. म्हणाला, "मालकाची गाडी हाय मुंबैला. जी बी काढून पायजे." आप्पांनी सवयीनं विचारलं, "गाडी कुठाय?" तो म्हणाला, "आवो, नंबर कुठं मागतोय? दोनच तर अक्षरं हायती." आप्पांनी क्षणभर विचार केला. खरंच, हा नंबर नव्हता. नियम नंबराचा होता. त्यांनी पत्रा घेतला आणि मी पडवीत बसून अक्षरं काढली. ब्रश जुना होता, त्याचा एक केस बी-च्या खालच्या पोटाजवळ रंगात अडकला. काढायला गेले असते तर अक्षर फाटलं असतं, म्हणून राहू दिला.

उन्हं तापायला लागली तेव्हा राहूहून दादामामा आले. आईचे थोरले भाऊ, माझ्या लग्नाचा विडा त्यांनीच उचललेला. गुळाची ढेप खाली ठेवायच्या आत बोलायला लागले. स्थळ वरवंडचं होतं. मुलगा सुभाष, वडील नाहीत, आई भावाकडं राहते. तो भाऊ म्हणजे आबासाहेब, मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. "आन् पोरगं विलायतेला व्हतं," मामा म्हणाले. "तिथनं गाडी चालवत आलंय, रस्त्यानं! विमानानं कुनी बी यील. गाडीवर पाटीच हाय तशी, जी बी म्हनून. सगळं वरवंड बघायला लोटलं व्हतं." माझ्या मनात पाल चुकचुकली. पण विलायतेची गाडी काय एकच असते? मामांनी पुढची गोष्ट हळू आवाजात सांगितली. त्या लोकांना घरंदाज मुलगी हवी, दुकानात बसणारी, बाहेर काम करणारी चालणार नाही. "मी सांगितलंय, आमची शकू भरतकाम करती." भरतकाम! मला साधी गुंडी लावता येत नव्हती.

बघायला येणार त्या दिवशी आप्पांनी दुकान बंद ठेवलं. रंगाचे डबे परड्यात नेऊन त्यांच्यावर गोणपाट टाकलं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी भरलेले मोराचे अभ्रे आईनं मागून आणले आणि माजघरात मांडले. माझी बोटं तिनं इतकी घासली की ती लाल झाली, पण नखांच्या कडेला काळी रेघ राहिलीच. शिरा झाला, पोह्यांचा कांदा चिरून झाला आणि गल्लीत हॉर्न वाजला. निळी, लांबुडकी, परदेशी बनावटीची जुनी गाडी होती. आबासाहेबांनी ती मुद्दाम उलटी फिरवून आत घेतली, म्हणजे पाठ आमच्या घराकडं राहील आणि पाटी सगळ्यांना दिसेल. ती सगळ्यात आधी दिसली मला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. माझ्या जी-ला एक खोड आहे, त्याचा आतला दांडा मी जरा खाली झुकवते. आप्पा त्यावरून चिडवायचे, जी-ला झोप आली म्हणून. तोच पेंगुळलेला जी होता. आणि बी-च्या पोटाजवळ ब्रशचा केस.

"आई, ती पाटी माझीय," मी म्हटलं.

आईनं खिडकीतून पाहिलं. तिचा हात तसाच पोह्यांत राहिला. मग तिनं माझ्याकडं न बघता खिडकी लोटून घेतली. "गप ऱ्हा," ती म्हणाली. "त्यांचं त्यांच्यापाशी, आपलं आपल्यापाशी. आपन तरी कुठं खरं सांगितलंय?"

पुढं बैठकीत आप्पांनीही ती पाटी ओळखली होती. ड्रायव्हरनं ती कुठनं करून आणली हे आबासाहेबांनी त्याला विचारलेलंच नसावं. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेले तेव्हा ते सतरंजीच्या दशा मोजत असल्यासारखे खाली बघत होते. तेरी भी चुप, मेरी भी चुप, असा तो मामला. आबासाहेब तिथं बसून विलायत ते वरवंड अशी सगळी वाट सांगत होते, बर्फ, डोंगर, लुटारू. दादामामा तोंड उघडं टाकून ऐकत होते. सुभाष कोपऱ्यात बसला होता. सावळा, हाडापेरानं मजबूत, मान खाली. आप्पांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्याला विचारलं, "वाटंत काबूल लागलं आसंल न्हवं?" तो बोलायच्या आत आबासाहेब म्हणाले, "लागलं की! लागल्याबिगर कसं ऱ्हाईल?" पोरानं मान आणखी खाली घातली. मला त्याचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदमच.

मग माझी परीक्षा सुरू झाली. तेव्हाची रीत ठरलेली, नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक काय काय येतो. चालून दाखव, आणि शेवटी लिहून दाखव. मुलगी शिकलेली आहे म्हणजे खरंच शिकलेली आहे का, ते तिच्या अक्षरावरून बघायचे. आबासाहेबांनी खिशातलं पेन काढून दिलं, दादामामांनी कागद सरकवला.

"काय लिहू?" मी विचारलं.

"तुमच्या मनाला यील ते लिवा, बाई," आबासाहेब म्हणाले. "अक्षरावरनं मानूस कळतं."

पेन हातात घेतलं तेव्हा नावच लिहायचं मनात होतं, खरं सांगते. नाव लिहिलं असतं तर लग्न ठरलंच होतं. आई सुटली असती, आप्पा सुटले असते. पण मला पुढचं सगळं दिसायला लागलं. वरवंडच्या त्या घरात मी त्या पाटीकडं बघत जन्मभर तोंड मिटून राहायचं आणि ब्रश पुन्हा म्हणून हातात धरायचा नाही. मी काही देवता नव्हते, मला नवरा हवा होता, घर हवं होतं, पण असं नको होतं. मी कागदावर एक लंबगोल ओढला आणि त्यात दोन अक्षरं काढली, जी आणि बी. पाटीवर जशी होती तशीच, जी-ला झोप आलेली.

आबासाहेबांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "ह्ये काय?" ते म्हणाले. सुभाषनं तो त्यांच्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. मग उठला, कागद घेऊन गाडीच्या मागं गेला आणि परत आला. आल्यावर तो हसत होता. दुपारभरात त्यानं पहिल्यांदाच मान वर केली होती.

"मामा," तो म्हणाला, "पाटी ह्यांनीच रंगवलीया."

आबासाहेबांचा चेहरा आधी उतरला आणि मग त्यांना वार करायला जागा सापडली. "म्हंजी पोरगी पाट्या रंगवती?" ते आप्पांवर कडाडले. "आमाला भरतकाम सांगितलं! फसवायला बोलिवलं व्हतं व्हय?" दादामामा घाम पुसायला लागले. आप्पा उभे राहिले.

तेवढ्यात माजघराच्या उंबऱ्यावर सुभाषची आई येऊन उभी राहिली. विधवा बाया अशा बैठकीला यायच्या नाहीत, आल्या तर आत बसायच्या. त्या आल्यापासून आतच होत्या, मास्तरीणबाईंचे मोर बघत, आणि मी पोहे घेऊन निघताना हा टाका कुठला, असं त्यांनी मला विचारलंही होतं. एक अभ्रा त्यांच्या हातात होता.

"दादा, बसा खाली," त्या भावाला म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आमचं पोरगं विलायतेला गेलेलं न्हाई. ह्यांच्या पोरीनं ह्यो मोर भरलेला न्हाई, तिला टाका कुठला ते बी सांगता आलं न्हाई. फिटंफाट झाली. आता खरं काय हाय ते बोलू." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पोरी, तुला काय येतं?"

"पाट्या रंगवता येतात," मी म्हटलं. "इंग्रजी सगळ्या माझ्याच असतात." लोकांसमोर हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. आवाज नीट निघाला.

"आन् तुला रं?"

"इंजिन उघडता येतं, बसवता येतं," सुभाष म्हणाला. "मुंबैला गोदीजवळ गॅरेजात हाय मी. ही गाडी तिथंच जुनी घेतली मामांनी. तुर्कस्तान मी नकाशात बी बघितला न्हाई." हे तो त्या सगळ्यांना सांगत नव्हता, मला सांगत होता. मला तो त्या क्षणी आवडला. आज हे लिहायला काय हरकत आहे?

पण आबासाहेब बसले नाहीत. गल्ली दारात जमली होती आणि पुढं सोसायटीची निवडणूक होती. "चला," एवढंच म्हणून ते गाडीत जाऊन बसले. त्यांच्या बहिणीचं घर, शेत, सगळं त्यांच्याच हातात. ती बाई किती वेळ उभी राहणार? जाताना तिनं माझा हात हातात घेतला, नखांजवळची काळी रेघ अंगठ्यानं चोळून पाहिली. "निघत न्हाई व्हय?" तिनं विचारलं. "रॉकेलनं निघते," मी म्हटलं. "मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि गेली. आठवड्याभरात दादामामांकडून निरोप आला की स्थळ मोडलं. सुभाष मला पुन्हा कधी दिसला नाही. त्याचं बरं झालं असावं, अशी माझी इच्छा आहे.

त्या रात्री आमच्याकडं कुणी नीट जेवलं नाही, शिरा दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी संपवला. आई भिंतीकडं तोंड करून रडत होती. हात दाखवून अवलक्षण केलंस, म्हणत होती. चूक नव्हती तिची, तालुक्यात बातमी वणव्यासारखी गेली होती. आप्पा तो कागद कंदिलापाशी धरून बघत बसले. शेवटी म्हणाले, "सुतळी न्हाई, खिळं न्हाई, तरी लंबगोल बरोबर आलाय." दुसऱ्या दिवशी माझा पाट त्यांनी पडवीतून उचलून पुढं दुकानात आणून ठेवला. मी तिथं बसले. पहिले काही दिवस लोक उगाचच थांबून बघायचे, मग त्यांनाही कंटाळा आला. आई दुकानाकडं फिरकायचीच नाही. जेवणाचं ताट सुद्धा आप्पांच्या हाती पाठवायची.

वर्ष जाऊन दुसरं लागलं. दोन स्थळं परस्परच फिरली. मग एक दिवस दुपारी न्हावऱ्याच्या एसटीनं एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा आले. दूधधंदा, थोडी शेती, साधी माणसं. आप्पा बाहेरगावी भिंती रंगवायला गेलेले. मी दुकानात, कोपरापर्यंत पिवळी. मी आत पळणार तोच आई बाहेर आली. किती दिवसांनी ती दुकानाच्या दारात आली होती. तिनं पदर डोक्यावरून घेतला, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि ती माणसं पायरीवर असतानाच बोलली.

"आत येन्याआधी एक ऐका, पावनं. आमची शकू पाट्या रंगवती. ही बसलीया ती, हीच शकू. भरतकाम तिला येत न्हाई, शिकंल आसं बी वाटत न्हाई. लग्न झाल्यावर बी ती रंगवनारच. चालत आसंल तर बसा. नसंल चालत तर च्या पिऊन जावा, च्याला आमची ना न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात रंगाचे असल्यामुळं पुसता येईना. त्या गृहस्थांनी पाय धुतले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, माझ्यापुढच्या ओल्या पाटीकडं नीट निरखून पाहिलं आणि मला विचारलं, "आमच्या दूध डेरीच्या पाटीचा रंग उडालाय. ती कवा करून द्याल?"

ते माझे सासरे.